सायनसमधला म्युकोसील: का होतो, ऑपरेशन कसं होतं आणि रुग्णाने कुठल्या टप्प्यावर काय करायचं

२०२१ च्या उन्हाळ्यानंतर एक प्रश्न मला ओपीडीत वारंवार ऐकू येतो. सीटी स्कॅनच्या रिपोर्टवर ‘म्युकोसील’ लिहिलेलं असतं आणि रुग्णाबरोबर आलेली मुलगी किंवा भाऊ दबक्या आवाजात विचारतो, “डॉक्टर, हा तो म्युकरच ना?” कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात इतक्या घरांना हादरवलं की त्याच्याशी मिळतंजुळतं नावही पुरेसं होतं. म्हणून सुरुवातीलाच सांगतो: म्युकोसील म्हणजे म्युकर नव्हे. तो काळी बुरशी नाही, कॅन्सर नाही, संसर्गजन्यही नाही. तो सायनसमध्ये कोंडून राहिलेला शेंबूड आहे. पण कोंडलेला शेंबूड हाड पोखरू शकतो, डोळा ढकलू शकतो आणि काही वेळा नजरही घेऊ शकतो. वेळेवर ओळखला तर हा नाकातून दुर्बिणीने सुटणारा आजार आहे.

आधी रचना समजून घ्या

नाकाच्या भोवती चेहऱ्याच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. कपाळात भुवयांच्या वर एक जोडी, दोन्ही गालांत एक, डोळ्यांच्या मधोमध मधमाशीच्या पोळ्यासारख्या छोट्या कप्प्यांची एक आणि पार मागे, डोक्याच्या मध्यावर, एक. या पोकळ्यांना आतून पातळ अस्तर असतं. ते अस्तर दिवसरात्र पातळ स्राव तयार करतं आणि त्यावरचे सूक्ष्म केस तो स्राव एका ठरावीक छिद्राकडे ढकलत नेतात. हे छिद्र जेमतेम काही मिलिमीटरचं असतं. तिथून स्राव नाकात उतरतो आणि आपण तो नकळत गिळतो.

ते छिद्र कायमचं बुजलं तरी अस्तराचं काम थांबत नाही. स्राव तयार होत राहतो, साठतो, घट्ट होतो. सायनस पूर्ण भरली की आतला दाब चहूबाजूंच्या हाडांवर येतो. पूर्वी समजत की हाड केवळ दाबाने झिजतं. आता माहीत आहे की सुजलेल्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं बाहेर पडतात आणि ती हाड विरघळवण्याचं काम करतात. दाब आणि दाह दोन्ही मिळून हाड अंड्याच्या कवचाएवढं पातळ करतात, मग तिथे हाड उरतच नाही. त्यापलीकडे काय आहे यावर पुढचं सगळं ठरतं. कपाळाच्या सायनसच्या खाली डोळ्याची खोबण आहे आणि मागे मेंदूचं आवरण.

सर्वांत जास्त म्युकोसील कपाळाच्या सायनसमध्ये होतात, त्याखालोखाल डोळ्यांच्या मधल्या कप्प्यांत. अनेकदा दोन्ही एकत्रच सापडतात. गालाच्या सायनसमध्ये कमी, मागच्या सायनसमध्ये सगळ्यांत कमी. पण मागचा सगळ्यांत धोक्याचा, कारण डोळ्याची मुख्य नस आणि मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी त्याच्या भिंतीलाच लागून जातात.

छिद्र बुजतं कशाने

वर्षानुवर्षं चाललेली सायनसची सूज, नाकातले पॉलिप (सुजलेल्या अस्तराचे मऊ कोंब), ॲलर्जीतून होणारी बुरशीजन्य सायनसायटिस, छिद्राच्या तोंडाशी वाढलेली हाडाची साधी गाठ, क्वचित एखादा ट्यूमर. ही नेहमीची यादी. लहान मुलात म्युकोसील सापडला तर सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजाराची तपासणी, म्हणजे घामाची चाचणी, करून घ्यायलाच हवी.

मला थांबून सांगावंसं वाटतं ते दोन कारणांबद्दल, कारण ती रुग्ण स्वतःहून कधीच सांगत नाही.

पहिलं, जुना अपघात. नेहमी दिसणारं चित्र सांगतो. हे एका माणसाचं नाही, अनेकांच्या कहाण्या मिसळून झालेलं आहे. चाळिशीतला माणूस, उजवा डोळा थोडा खाली आणि बाहेर सरकलेला. घरच्यांना ते लग्नाच्या फोटोत दिसलं. आधी चष्म्याचा नंबर तपासला, मग भुवईखालच्या फुगवट्याला रांजणवाडी समजून शेक दिला, डोकेदुखीला अर्धशिशी म्हणून गोळ्या घेतल्या. “कपाळाला कधी मार लागला होता का?” असं विचारलं तर “नाही.” “कधी टाके पडले होते का?” असं विचारलं की हात आपोआप भुवईवरच्या वणाकडे जातो. “हां, ते गाडीवरून पडलो होतो, पंधरा वर्षं झाली.” हेल्मेटशिवाय पडताना कपाळाचं हाड मोडतं, ते जुळतं, पण जुळताना सायनसची वाट चेपते. आत अडकलेला स्राव हळूहळू साठतो. दुखापत आणि म्युकोसील यांच्यात दहा, पंधरा, कधी त्याहून जास्त वर्षं जातात.

दुसरं, जुनं ऑपरेशन. वरच्या ओठाखाली हिरडीवर चीर देऊन गालाची सायनस साफ करायची पद्धत कॉल्डवेल यांनी १८९३ मध्ये आणि ल्यूक यांनी १८९७ मध्ये मांडली, आणि ती पुढे कित्येक दशकं सर्रास चालली. त्यात अस्तर खरवडून काढत. तिथे वण तयार होतो, सायनसचे कप्पे पडतात आणि त्या कप्प्यात दहा-वीस वर्षांनी म्युकोसील होतो. म्युकरच्या साथीत ज्यांच्या सायनसचं मोठं ऑपरेशन झालं, त्यांनीही ही गोष्ट लक्षात ठेवावी. तेव्हा जीव वाचवणं महत्त्वाचं होतं आणि ते योग्यच झालं. पण वण तिथेही आहेत, म्हणून वर्षातून एकदा नाकाची दुर्बीण तपासणी करून घेणं शहाणपणाचं.

पायरी पहिली: कोणती लक्षणं थांबू देतात, कोणती नाही

भुवईच्या आतल्या कोपऱ्याशी, नाक आणि डोळा यांच्यामध्ये, हळूहळू वाढणारा फुगवटा. डोळा पुढे किंवा खाली सरकणं. एकाच्या दोन वस्तू दिसणं. कपाळात किंवा डोळ्यामागे बोथट दुखणं. गालाच्या म्युकोसीलमध्ये गाल फुगतो, त्या बाजूचं नाक बंद राहतं, वरचे दात हलतात. यातलं काहीही असेल तर येत्या काही दिवसांत कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलात तरी चुकलं नाही. म्युकोसीलचे बरेचसे रुग्ण आमच्याकडे त्यांच्याकडूनच येतात.

मात्र नजर अचानक अंधुक झाली, रंग फिके दिसायला लागले, पापणी पडली, डोळा हलवता येईना, किंवा फुगवटा लाल होऊन ताप आला तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. आतल्या शेंबडात जंतू शिरून पू झाला की त्याला पायोसील म्हणतात, आणि तो पू डोळ्याच्या खोबणीत किंवा मेंदूकडे जाऊ शकतो. मागच्या सायनसचा म्युकोसील डोळ्याच्या नसेवर दाब आणतो तेव्हा नजर परत येणं हे दाब किती लवकर काढला यावर अवलंबून असतं. उजेडही दिसेनासा झाल्यावर आशा फार कमी उरते. रात्रीचे अकरा वाजले असतील तरी सकाळची वाट पाहू नका.

तोवर काय करू नये, तेही सांगतो. फुगवटा दाबू नका, चोळू नका. कुणी “वरून सुई घालून पाणी काढून देतो” म्हणाला तर देऊ नका. कातडीतून चीर दिली की पू येतो, बरं वाटतं, आणि नंतर त्या जागी वर्षानुवर्षं झिरपणारं तोंड राहतं. वाफ, जलनेती, नस्य यांनी नाक मोकळं वाटेल, त्याला माझा विरोध नाही. पण बंद छिद्राच्या पलीकडे यातलं काहीच पोचत नाही.

पायरी दुसरी: स्कॅन, आणि स्कॅनवरचे शब्द

नाकातून बारीक दुर्बीण घालून तपासणी होते. ती पाच मिनिटांची असते, बधिर करणारं औषध आधी टाकतात. त्यानंतर सीटी स्कॅन. साध्या एक्स-रेवर ऑपरेशनचा निर्णय घेऊ नये. सीटी एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ कापांचा, तिन्ही दिशांनी पाहता येईल असा हवा. फिल्म तर घ्याच, पण सेंटरवाल्याकडून सीडी किंवा पेनड्राइव्हही मागून घ्या. ऑपरेशनच्या वेळी नेव्हिगेशन यंत्र (अवजार नेमकं कुठे आहे ते स्कॅनवर दाखवणारं) वापरायचं असेल तर त्याला हाच डेटा लागतो, आणि नसेल तर स्कॅनचा खर्च पुन्हा होतो.

सीटीत म्युकोसील असा दिसतो: सायनसमध्ये हवेचा ठिपकाही नाही, सगळं एकसारखं राखाडी, आणि भिंती बाहेरच्या बाजूला फुगलेल्या, पातळ, कुठे तुटलेल्या. या वर्णनातलं ‘फुगलेल्या’ महत्त्वाचं. कारण गालाच्या सायनसच्या तळाशी घुमटासारखी एक छोटी गाठ, वर हवा शिल्लक आणि हाड जसंच्या तसं, असं चित्र कितीतरी निरोगी लोकांत दिसतं. ती साधी सिस्ट असते. दाताच्या किंवा डोक्याच्या स्कॅनमध्ये ती योगायोगाने सापडते, रिपोर्टवर कधीकधी तिलाही म्युकोसील लिहितात, आणि माणूस घाबरून ऑपरेशनची तारीख घेतो. त्रास नसेल तर तिला हात लावायची गरज नसते. रिपोर्ट हातात आल्यावर डॉक्टरांना हा एक प्रश्न विचाराच: “सायनस पूर्ण भरली आहे का आणि हाड फुगलं आहे का?”

मेंदूच्या किंवा डोळ्याच्या बाजूचं हाड तुटलं असेल, किंवा ट्यूमरची शंका असेल तर एमआरआय लागतो. त्यात एक फसवं चित्र असतं. ताजा, पाणीदार स्राव आणि जुना, घट्ट झालेला स्राव एमआरआयवर अगदी वेगळे दिसतात. फार सुकलेला स्राव तर एका प्रकारच्या चित्रात काळा, म्हणजे हवेसारखा दिसतो. म्हणून एमआरआय हा सीटीच्या जोडीने वाचायचा.

पायरी तिसरी: ऑपरेशन का, आणि कुठलं

औषधांनी म्युकोसील जात नाही. अँटिबायोटिक पू आटोक्यात आणेल, स्टेरॉइड सूज उतरवेल, पण बुजलेली वाट उघडत नाही.

पूर्वी विचार असा होता की पिशवी मुळासकट काढायची. १९२१ च्या सुमारास लिंच आणि हॉवर्थ यांनी रूढ केलेल्या पद्धतीत नाक आणि डोळा यांच्यामध्ये चीर देत. पण त्यात बाजूच्या हाडाचा आधार जाई, मऊ भाग आत कोसळे आणि वाट पुन्हा बंद होई. १९५० च्या दशकात गुडेल आणि माँटगोमेरी यांनी कपाळाच्या हाडाचं झाकण उघडून, अस्तर पूर्ण काढून, पोकळीत पोटाची चरबी भरायची पद्धत आणली. ती आजही निवडक रुग्णांत लागते, पण अस्तराचा कणभर तुकडा मागे राहिला तर त्यातून नवा म्युकोसील होतो, आणि चरबी भरलेल्या सायनसचा स्कॅन वाचणं फार अवघड.

ऑस्ट्रियातल्या ग्रात्सला मेसरक्लिंगर यांनी दाखवून दिलं होतं की सायनसचं अस्तर स्राव नैसर्गिक छिद्राकडेच नेतं, आणि ते छिद्र मोकळं केलं की आजारी अस्तर सुधारतं. त्याच विचाराने १९८९ मध्ये अमेरिकेत केनेडी आणि सहकाऱ्यांनी म्युकोसील दुर्बिणीने नाकात उघडून सोडून द्यायची पद्धत मांडली. पिशवी काढायची नाही. तिची नाकाकडची भिंत जितकी रुंद काढता येईल तितकी काढायची, म्हणजे पिशवी नाकाचाच एक कोपरा होऊन जाते. याला मार्सुपियलायझेशन म्हणतात. रुग्णाला हे ऐकून नेहमी शंका येते की गाठ आतच ठेवली म्हणजे अर्धवट काम झालं. तसं नाही. ती पिशवी म्हणजे सायनसचं स्वतःचं अस्तर आहे. ते खरवडलं तर वण होणार, आणि जिथे हाड नाही तिथे ते अस्तर थेट मेंदूच्या आवरणाला चिकटलेलं असतं. ते सोलायला जाणं म्हणजे मेंदूचं पाणी गळायची वेळ आणणं.

बाहेरून चीर लागते ती कधी? म्युकोसील कपाळात फार बाहेरच्या बाजूला, म्हणजे डोळ्याच्या बाहुलीतून जाणाऱ्या उभ्या रेषेच्या पलीकडे असेल, जुन्या अपघातात वाट हाडाने बंद झाली असेल, किंवा बरोबर ट्यूमर असेल तेव्हा. भुवईतून छोटी चीर आणि नाकातून दुर्बीण असं दोन्ही मिळूनही करता येतं.

पायरी चौथी: ऑपरेशनआधी

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या (ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल) सुरू असतील तर सर्जनला सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. ज्यांनी हृदयासाठी त्या दिल्या त्यांना विचारूनच काय ते ठरवायचं. डायबिटीस असेल तर साखर आटोक्यात हवी, आणि ऑपरेशनआधी स्टेरॉइड दिलं तर ती वाढते हे घरच्यांनी लक्षात ठेवावं. डोळ्यांची पूर्ण तपासणी, नजर आणि रंग ओळखण्याची नोंद कागदावर हवी, म्हणजे नंतर तुलना करता येते.

खर्चाचा प्रश्न असेल तर महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या (योजनेच्या मदतनिसाच्या) टेबलाशी जाऊन विचारा की हे ऑपरेशन कुठल्या पॅकेजात बसतं. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड बरोबर न्या. दोन्हीकडे हे दाखल होण्याआधी विचारायचं, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

सर्जनला विचारायचे प्रश्न: कुठल्या बाजूचं हाड गेलं आहे? कपाळाचा म्युकोसील असेल तर वाट किती रुंद उघडणार? बाहेरून चीर लागण्याची शक्यता किती? शेवटचा प्रश्न विचारायला लोक बिचकतात, पण संमतीपत्रावर सही करायच्या आधीच तो विचारायचा.

पायरी पाचवी: टेबलावर काय होतं

पूर्ण भूल देतात. भूलतज्ज्ञ रक्तदाब जरा खालच्या बाजूला ठेवतात आणि डोक्याची बाजू थोडी उंच ठेवतात, कारण नाकातला रक्ताचा एक थेंबही दुर्बिणीसमोर पडदा धरतो. नाकात ॲड्रेनलिनमध्ये भिजवलेल्या पट्ट्या ठेवून अस्तर आकसवतात. दोन्ही डोळे कापडाखाली झाकत नाहीत, ते सतत नजरेसमोर ठेवतात. खोबणीचं हाड गेलेलं असेल तर डोळ्यावर बोट ठेवून नाकात ती जागा हलते का हे पाहतात.

मग नाकाच्या बाजूचा एक पातळ हाडाचा पडदा काढून मधले कप्पे उघडतात. तिथला म्युकोसील असेल तर तो समोरच फुगलेला दिसतो. त्याचा सर्वांत खालचा, आतला भाग टोचला की कधी पिवळसर, कधी चहाच्या रंगाचा, डिंकासारखा स्राव दाबाने उसळतो. तो सक्शनने ओढून घेतात आणि नमुना तपासायला पाठवतात. हिरवट पू असेल तर कल्चरला, म्हणजे जंतू कोणता ते पाहायला. चिखलासारखा, तपकिरी, चिवट माल निघाला तर बुरशीसाठी आणि पॅथॉलॉजीला, कारण त्या रुग्णाचं पुढचं औषध वेगळं असतं.

कपाळाची सायनस ही सगळ्यात अवघड. तिथे सरळ दुर्बीण पोचत नाही, तीस, पंचेचाळीस किंवा सत्तर अंशात पाहणाऱ्या दुर्बिणी आणि वाकड्या अवजारांनी काम होतं. जर्मनीतल्या फुल्दा इथले ड्राफ यांनी १९९१ मध्ये या कामाच्या पायऱ्या ठरवल्या आणि त्यांच्याच नावाने त्या ओळखल्या जातात. साध्या म्युकोसीलला त्या बाजूची वाट रुंद करून भागतं. वण जास्त असेल किंवा म्युकोसील पुन्हा झाला असेल तर तिसरा प्रकार, म्हणजे नाकाच्या पडद्याचा वरचा भाग काढून दोन्ही बाजूंची मिळून एकच मोठी वाट. यात ड्रिल लागतो, वेळ जास्त लागतो.

पोकळी रिकामी झाल्यावर मागचं हाड नसेल तर तिथलं अस्तर मेंदूच्या ठोक्याबरोबर हलताना दिसतं. तिथे थांबायचं. ते हाड भरून काढायची सहसा गरज नसते. दाब गेल्यावर कित्येक रुग्णांत ते पुन्हा तयार होतं. मागच्या सायनसमध्येही वाट खालून आणि आतून उघडतात, बाजूच्या भिंतीला हात लावत नाहीत.

पायरी सहावी: घरी आल्यावर

साधारण एक-दोन दिवसांत घरी सोडतात. दोन-तीन दिवस गुलाबी पाणी किंवा थोडं रक्त येतं, ते चालतं. दोन आठवडे नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्या, गॅसचा सिलिंडर किंवा पाण्याची घागर उचलू नका, विमानप्रवास टाळा. सुट्टीवर आखातातून येऊन ऑपरेशन करून घेणाऱ्यांनी परतीचं तिकीट पहिल्या दोन तपासण्यांनंतरचं काढावं.

ताबडतोब फोन करायचा तो या गोष्टींसाठी: डोळा सुजला किंवा नजर कमी झाली, न थांबणारं रक्त, पुढे वाकल्यावर एका नाकपुडीतून पाण्यासारखा खारट थेंब गळतो, ताप आणि मान आखडणं.

नाक धुणं हा औषधाइतकाच महत्त्वाचा भाग. पाणी उकळून कोमट केलेलं, नळाचं कच्चं नाही. एक लीटरला साधारण ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे दीड ते दोन सपाट चमचे, आणि चिमूटभर खायचा सोडा. कधी सुरू करायचं ते तुमचे सर्जन सांगतील. बाटली रोज धुऊन वाळवायची.

पहिल्या आठवड्यात आणि नंतर महिनाभरात दुर्बिणीने खपल्या काढाव्या लागतात. हे थोडं दुखतं आणि लोक नेमकं इथेच टाळतात. “आता बरं वाटतंय” म्हणून दुसरी भेट चुकवली की खपलीखाली वण धरतो आणि रुंद केलेली वाट आखडते. डोळा जागेवर येतो, पण काही आठवडे ते महिने घेऊन. दोन वस्तू दिसणंही तसंच हळूहळू कमी होतं. दुसऱ्याच दिवशी आरशात फरक दिसला नाही म्हणून निराश होऊ नका.

म्युकोसील परत होण्याचं प्रमाण कमी आहे, पण तो परत होतो तेव्हा वर्षांनी होतो. म्हणून पहिल्या वर्षी तीन-तीन महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा दुर्बीण तपासणी. दर वेळी सीटी लागत नाही. ऑपरेशनचा कागद, आधीची सीडी आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट एका पिशवीत ठेवा आणि ती पिशवी कुठे आहे हे घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा, कारण दहा वर्षांनी दुसऱ्या गावात दुसऱ्या डॉक्टरसमोर बसाल तेव्हा ते पहिल्यांदा हेच कागद मागतील.